प्राध्यापकांच्या नोट्स स्क्रीन रीडरला वाचता याव्यात म्हणून : प्रशिक्षणात काय शिकवावं, काय वगळावं?

नकाशावाली (धागालेखिका)

मी भूगोल शिकवते आणि गेली काही वर्षं आमच्या परिसरातल्या महाविद्यालयांत प्राध्यापक-कर्मचाऱ्यांसाठी एक कार्यशाळा घेते. आपण वर्गाच्या ग्रुपवर टाकतो त्या नोट्स, पीपीटी, प्रश्नसंच आणि सूचना दिसत नसलेल्या, कमी दिसणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या किंवा माउस धरता न येणाऱ्या मुलांनाही वापरता याव्यात, एवढाच तिचा विषय. पुढच्या सत्रात हेच मोठ्या प्रमाणावर करायचं घाटतंय. म्हणून इथल्या मंडळींशी बोलून घ्यावं म्हटलं.

अशा कार्यशाळेचं ठरलेलं रूप सगळ्यांनी पाहिलंय. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ची कलमं, दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांची यादी, एखादा डोळे पाणावणारा व्हिडिओ, चहा, प्रमाणपत्र. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पुन्हा वहीच्या पानाचा तिरका फोटो. कायदा सांगूच नये असं नाही. कलम १६ खाली अनुदानित आणि मान्यताप्राप्त संस्थांवर काय बंधन आहे, कलम ४२ इलेक्ट्रॉनिक साहित्याबद्दल काय म्हणतं, यूजीसीने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही असं बजावलं, हे सांगावंच. पण ते दहा मिनिटांत होतं. कलमं ऐकून कुणाची फाईल सुधारलेली मी पाहिलेली नाही.

माझ्याकडे काय चालतं ते सांगते. प्रत्येकाने आपल्याच नोट्सची फाईल पेनड्राइव्हवर आणायची. नमुना फाईल मी देतच नाही. लॅबमध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, आधीच टाकून ठेवलेला असतो (फुकट आहे, खरेदी समिती लागत नाही). मराठी आवाज निवडायचा, हेडफोन लावायचा, मॉनिटर बंद करायचा आणि आपल्या नोट्समधून ‘प्रकरण तिसरे’ शोधून दाखवायचं. बस.

पहिली पाच मिनिटं लॅबमध्ये हसाहशी असते, मग शांतता. कुणाच्या हेडफोनमध्ये काहीच येत नाही, कारण फाईल म्हणजे नुसती चित्रं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करणाऱ्यांची तर वेगळीच गंमत. पडद्यावर ‘आणि’ दिसतं, पण आत साठवलेली असतात व्ही, के, एफ, टिंब, के ही रोमन अक्षरं. फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा बघत नाही, आतलं वाचतो. मराठीच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आपलाच ललितबंधावरचा लेख असा ऐकला आणि हेडफोन काढून म्हणाले, “हे माझं आहे?”

त्यानंतर कुणाला पटवत बसावं लागत नाही. उरलेल्या वेळात मी चारच गोष्टी शिकवते : युनिकोड (मराठी अक्षर आतही मराठीच म्हणून साठवणारी पद्धत), शीर्षकांच्या स्टाइल्स, चित्राचं वर्णन आणि साधा तक्ता. सर्वांत जास्त वेळ दुसऱ्या गोष्टीला जातो. आपल्याकडे शीर्षक म्हणजे अक्षर मोठं करायचं, बोल्ड करायचं, खाली रेघ मारायची. दिसायला ते शीर्षकच, पण संगणकाच्या लेखी साधं वाक्य. वर्डमधली ‘हेडिंग १’ स्टाइल लावली, की स्क्रीन रीडरवाला एच दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. अनुक्रमणिका आपोआप तयार होते हा वरचा नफा, आणि खरं सांगायचं तर प्राध्यापक मंडळी त्यावरच जास्त खूश होतात.

पीडीएफ करताना ‘प्रिंट टू पीडीएफ’ करायचं नाही, ‘सेव्ह अॅज’मधूनच करायची. छपाईच्या वाटेने गेलं की ही सगळी रचना गळून जाते.

माझे प्रश्न : जुन्या साहित्याच्या डोंगराचं काय करायचं? ऑफिसच्या मंडळींना वेगळं शिकवावं की सोबत? आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्या दृष्टीने माझ्या यादीत काय राहिलंय?

रेडिओवाला

ताई, चांगला धागा. मी जन्मांध, एमए अर्थशास्त्र, सध्या बँकेत. विद्यार्थी म्हणून हे सगळं भोगून झालंय, त्यामुळे यादीत भर घालतो.

एक, फाईलचं नाव. ‘डॉक१ नवीन फायनल.पीडीएफ’ अशा नावाच्या वीस-पंचवीस फायली मोबाइलमध्ये असल्या की प्रत्येक उघडून ऐकावी लागते. दिसणारे लोक पहिलं पान बघून ओळखतात. नावात विषय आणि प्रकरण टाकायला खर्च शून्य.

दोन, पान क्रमांक. सर वर्गात म्हणतात “पान ४२ काढा”. माझ्या युनिकोड प्रतीत पान ४२ वर भलतंच असतं. छापील पुस्तकातून टाइप करून देताय ना, मग जिथे मूळ पान बदलतं तिथे एका ओळीत ‘पान ४२’ एवढं लिहा. माझी दोन वर्षं शेजारच्या मुलाला “कुठे आलो आपण?” विचारण्यात गेली.

तीन, प्रेमाने केलेलं रेकॉर्डिंग. बरेच सर-मॅडम अख्खं प्रकरण वाचून ऑडिओ पाठवतात. त्यांच्या कष्टाला नमस्कार. पण तासाभराच्या ऑडिओत व्याख्या शोधायची कशी? स्पेलिंग कळत नाही, उतारा कॉपी होत नाही. मजकूर द्या, वाचायला आमचा यांत्रिक आवाज आहे. तो कानाला पत्र्यासारखा लागतो, पण सवय झाली की तुम्हाला एक शब्द कळणार नाही अशा वेगाने आम्ही ऐकतो.

आणि हो, बहुतेक मुलांकडे लॅपटॉप नसतो. सगळा अभ्यास फोनवर, टॉकबॅक या फोनमधल्या स्क्रीन रीडरवर. प्रशिक्षणात एकदा तरी फाईल फोनवर उघडून दाखवा.

खडूफळा

पदार्थविज्ञान, तीस वर्षं अध्यापन. विषय महत्त्वाचा आहे, पण थोडं वास्तवात येऊ. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत एकही अंध विद्यार्थी आलेला नाही. माझ्या नोट्समध्ये समीकरणं आणि आकृत्याच आहेत. नॅकची (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची) फाईल, कॅसचे (बढतीचे) फॉर्म, परीक्षेची ड्युटी, पेपर तपासणी, वर आता हे. जो विद्यार्थी येणारच नाही त्याच्यासाठी शेकडो पानं नव्याने करायची?

रेडिओवाला

सर, राग मानू नका. दहावीनंतर मला विज्ञानाला जायचं होतं. “आकृत्या कशा काढणार, प्रॅक्टिकल कसं करणार” असं तीन ठिकाणी ऐकून कला शाखेत आलो. तुमच्या वर्गात कुणी आलं नाही हे खरं, पण का आलं नाही हेही बघायला हवं ना?

नकाशावाली

खडूफळा सर, शेकडो पानं नव्याने करा असं मी कुणालाच सांगत नाही. समीकरणांचं मात्र ऐका. फोटो म्हणून चिकटवलेलं समीकरण स्क्रीन रीडरसाठी मुकं असतं. वर्डच्या इक्वेशन एडिटरमध्ये टाइप केलेलं समीकरण एनव्हीडीएवर मॅथकॅट या समीकरणं वाचणाऱ्या साधनाने टप्प्याटप्प्याने ऐकता येतं : अपूर्णांक, वर काय, खाली काय. म्हणजे नवं लिहाल ते तिथे लिहा, एवढंच. शिवाय ‘वर्गात कुणी नाही’ म्हणताना कमी दिसणारी मुलं आपण मोजतच नाही. ती सांगत नाहीत, मागच्या बाकावर बसून फोटो काढून झूम करतात. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं असलेली पीपीटी त्यांच्या काय कामाची? अक्षर आणि पार्श्वभूमीचं कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १ हवं, हा डब्ल्यूसीएजीचा (वेबवरचं साहित्य सुगम्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा) नियम डोळे चांगले असलेल्यांनाही प्रोजेक्टरच्या उजेडात उपयोगी पडतो.

तासिका

इथे कुणी बोलत नाहीये म्हणून बोलते. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. आमच्या विभागात नोट्स कोण करतं? आम्ही. पीपीटी कोण करतं? आम्ही. प्रशिक्षणाला कोण जातं? कायम असलेले, कारण प्रमाणपत्राचा कॅसला उपयोग त्यांना. ते शिकून येतात आणि फाईल आमच्याकडे सरकवतात, “जरा ते हेडिंगचं बघून घे”. आम्हाला पैसे तासिकेचे मिळतात, फाईल दुरुस्तीचे नाहीत. मोठ्या प्रमाणावर करणार असाल तर आधी हे सोडवा. तासिका तत्त्वावरच्यांना प्रशिक्षणाच्या दिवसाचं मानधन द्या, नाहीतर सगळं नाटक आहे.

नकाशावाली

तासिका, शंभर टक्के सहमत. प्रस्तावात हे लिहिलंय, मंजूर होईल का माहीत नाही. तोवर एक करता येतं. विभागासाठी वर्डचा एकच साचा बनवून ठेवायचा, ज्यात युनिकोड फॉन्ट, तीन पातळ्यांची शीर्षकं, तक्त्याची पहिली ओळ हे सगळं आधीच बसवलेलं असेल. मग लिहिणाऱ्याला वेगळं काही ‘करायचं’ उरत नाही.

जावक_क्रमांक

नमस्कार. मी वरिष्ठ लिपिक, परीक्षा विभाग. ऑफिसच्या लोकांना सोबतच शिकवा, कारण मुलांचं अडतं ते नोट्सपेक्षा जास्त नोटिशीवर. नोट्स नाही मिळाल्या तर मित्राकडून वाचून घेतील, फॉर्मची शेवटची तारीख चुकली तर वर्ष जातं.

आमच्याकडे सूचना कशी निघते बघा. संगणकावर टाइप, प्रिंट, साहेबांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, मग त्या कागदाचा स्कॅन, मग व्हॉट्सअॅप. म्हणजे मजकूर सुरुवातीला चांगला युनिकोडमध्ये होता, आम्हीच त्याचं चित्र केलं! आता मी स्कॅन टाकतो आणि खाली तोच मजकूर पेस्ट करतो. साहेबांनी आधी विचारलं, “सहीशिवाय मजकूर कसा बाहेर गेला?” मी म्हटलं, सर, सहीचा स्कॅन वर आहे, खाली त्याच्यातलंच लिहिलंय, एक अक्षर बदललेलं नाही. आता सगळ्या पोरांना तेच आवडतं. तारीख शोधायला चित्र मोठं करावं लागत नाही.

अजून एक. फॉर्ममध्ये ‘लाल रंगातील रकाने भरणे अनिवार्य’ असं असतं. ज्याला लाल-हिरवा फरक कळत नाही त्याने काय करायचं? ‘अनिवार्य’ हा शब्दच रकान्यापुढे लिहून टाकला की झालं. कॅप्चाचं (चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाइप करायची ते) मात्र आमच्या हातात नाही. ते वेबसाइट चालवणाऱ्या एजन्सीकडून करारातच लिहून घ्यायला हवं, नंतर कोणी ऐकत नाही.

रेडिओवाला

जावक_क्रमांक साहेब, तुमच्यासारखे चार जण प्रत्येक विद्यापीठात पाहिजेत. _/\_

खिळेमोळे

डीटीपीवाला. जुन्या डोंगराबद्दल माझ्याकडून. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर भरपूर आहेत, कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएम सगळ्यांचे. पण डोळे झाकून चालवू नका. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे जोडाक्षरावर वेलांटी आली की साधा कन्व्हर्टर हमखास घसरतो. दुसरं म्हणजे मजकुरात मधेच इंग्रजी शब्द असले की तेही बिचारे ‘देवनागरी’ होऊन बसतात. अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये जीडीपीच्या जागी काय अगम्य उमटेल ते विचारू नका. फॉन्ट बघून तेवढाच भाग बदलणारं साधन वापरा आणि नंतर माणसाकडून वाचून घ्या.

पेजमेकरमधल्या जुन्या पुस्तकांना युनिकोड माहीतच नाही, तिथून मजकूर काढूनच घ्यावा लागतो. पीडीएफ बरी आहे की नाही याची पाच सेकंदांची परीक्षा : एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसलं तर आशा आहे. काना-मात्रे उधळलेले दिसले तर स्क्रीन रीडरलाही तसेच ऐकू येणार.

स्कॅन असेल तर गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी ओळखतं. स्वच्छ छपाई असेल तर काम बरं होतं. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’कडे लक्ष ठेवा, आणि हस्तलिखित असेल तर सरळ टाइप करायला घ्या.

ग्रंथपाल_काका

“पुस्तक स्कॅन करून दिलं तर कॉपीराइटचा भंग होईल” हे भीतीचं वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात येतं, म्हणून नोंदवतो. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत त्याच्या वापरासाठी करून देता येते, फक्त त्यावर नफा कमवायचा नाही आणि ती सामान्य बाजारात जाऊ द्यायची नाही. अंध व्यक्तींना वाचता येतील अशा प्रती मिळाव्यात म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार मंजूर करणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ साली. आणि स्कॅन करायला बसण्याआधी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय बघा. २०१६ पासून आहे, कदाचित ते पुस्तक तिथे आधीच असेल. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाचं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र या कामातलं जाणतं आहे.

डेट्रॉइटकर

इथे मिशिगनमध्ये हेच माझं पोटापाण्याचं काम. अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये न्याय खात्याने नियम केला की सार्वजनिक विद्यापीठांचं वेब आणि मोबाइलवरचं साहित्य डब्ल्यूसीएजी २.१ च्या एए पातळीचं हवं. पासवर्डच्या आत असलेल्या कोर्सच्या फायलींना सूट देण्याचा विचार मसुद्यात होता, अंतिम नियमात तो वगळला. त्यामुळे सगळीकडे पळापळ.

एक सावधगिरीचा इशारा. इथे अॅली नावाचं साधन प्रत्येक फाईलपुढे काटा दाखवतं : लाल, केशरी, हिरवा. लोक काटा हिरवा करण्याच्या मागे लागतात. चित्राचं वर्णन हवंय ना, मग लिहितात ‘चित्र’. काटा खूश! यंत्राला वर्णन आहे की नाही एवढं कळतं, ते बरोबर आहे का हे कळत नाही. वर्डचा अॅक्सेसिबिलिटी चेकरही त्याच जातीचा. तुमच्याकडे नॅकसाठी ‘इतक्या टक्के फायली सुगम्य’ असा रकाना आला की हेच होणार. नॅकच्या ७.१.७ या दिव्यांगांच्या सोयींच्या निकषासाठी रॅम्पचे फोटो काढण्याचा अनुभव सगळ्यांना आहेच.

नकाशावाली, तुमची मॉनिटर बंद करण्याची कल्पना मी ढापतोय.

सई_सांगते

सगळी चर्चा दृष्टीवर चाललीय म्हणून मधे पडते. कर्णबधिर मुलांना लेखी नोट्स दिल्या की प्रश्न मिटला असं गृहीत धरतात. ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांना लेखी मराठी दुसऱ्या भाषेसारखी असते. पाच ओळींचं एक वाक्य, त्यात तीन ‘ज्यामुळे’ आणि दोन ‘तथापि’, हे त्यांच्यासाठी भिंत आहे. वाक्यं तोडा. आयएसएलआरटीसी या सरकारी केंद्राच्या भारतीय सांकेतिक भाषेच्या (खुणांच्या भाषेच्या) कोशात २०२१ पासून १०,००० संज्ञा आहेत, त्यातल्या आपल्या विषयाच्या हेरून व्हिडिओची लिंक द्या.

व्हिडिओला कॅप्शन हवंच, आणि आपोआप आलेलं तपासल्याशिवाय सोडू नका, पारिभाषिक शब्दांची तिथे वाट लागते. शिकवणाऱ्यांना एकच सवय लावा : फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आणि “हे इथून असं तिकडे गेलं” म्हणायचं नाही. ‘हे’ काय, ‘तिकडे’ कुठे? ते नाव घेऊन बोललं की दिसत नसलेल्यालाही कळतं आणि कॅप्शन वाचणाऱ्यालाही.

नकाशावाली

सई, हे माझ्या यादीत खरंच नव्हतं, घेते.

चित्राच्या वर्णनाबद्दल अजून थोडं, कारण लोक सर्वांत जास्त तिथेच अडतात. महाराष्ट्राच्या पर्जन्याचा नकाशा आहे समजा. पहिला प्रयत्न असतो ‘नकाशा’. दुसरा असतो छत्तीस जिल्ह्यांचे रंग ओळीने सांगणारा परिच्छेद. मी विचारते, हा नकाशा या पानावर का लावलात? मग उत्तर येतं, आणि तेच वर्णन : ‘कोकण आणि घाटमाथ्यावर पाऊस सर्वाधिक. सह्याद्री ओलांडताच झपाट्याने घटतो, माण-खटाव-जत पट्टा सर्वांत कोरडा. पूर्वेला विदर्भाकडे पुन्हा वाढत जातो.’ आकडे महत्त्वाचे असतील तर खाली वेगळा तक्ता. कोपऱ्यातल्या फुलाला आणि कॉलेजच्या लोगोला ‘डेकोरेटिव्ह’ (नुसती सजावट) अशी खूण करून मोकळं व्हायचं.

जुन्या साहित्याचं आता माझं असं ठरतंय : या सत्रात ज्या विषयाला असा विद्यार्थी प्रत्यक्ष बसलाय तेवढं आधी, बाकी जेव्हा सुधारित अभ्यासक्रम येईल तेव्हा नवं नीट लिहायचं. कृतिदेवमधल्या २००९ च्या नोट्स तशाही निम्म्या कालबाह्य आहेत.

खडूफळा

काल घरी एनव्हीडीए टाकून बघितलं. माझी प्रश्नपत्रिका उघडली. प्रश्न सहापर्यंत ठीक, पुढे “ग्राफिक” म्हणून गप्प. आता अडचण सांगतो. प्रश्नपत्रिकेत आकृतीचं वर्णन लिहिलं तर उत्तरच फुटतं की. भिंगाची आकृती आहे, प्रतिमा कुठे मिळेल ते विचारलंय. काय लिहू?

रेडिओवाला

सर, बघणाऱ्याला आकृतीत जे दिलंय तेवढंच मला द्या, जे काढायचंय ते नका देऊ. लिहून बघा, मी तपासतो.

खडूफळा

‘बहिर्वक्र भिंगाची आकृती.’

रेडिओवाला

वस्तू कुठे ठेवलीय? नाभीय अंतर किती? किरण काढलेत की नाही?

खडूफळा

‘बहिर्वक्र भिंग. नाभीय अंतर १० सेंमी. वस्तू भिंगाच्या डावीकडे मुख्य अक्षावर उभी, भिंगापासून ३० सेंमी अंतरावर. किरण दाखवलेले नाहीत.’

रेडिओवाला

आता जमलं. प्रतिमा उजवीकडे १५ सेंमीवर. बरोबर का सर?

खडूफळा

अंतर बरोबर. प्रतिमेचं स्वरूप लिहिलं नाहीस. अर्धा गुण कापला.